थांबवलेल्या हृदयाची राखण

प्रश्न : ग्रीन कॉरिडॉरची बातमी लागली की आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर जमतात. मोकळे रस्ते, पुढे पोलिसांची गाडी, मागे रुग्णवाहिका आणि निवेदकाचं सारखं एकच पालुपद, ‘चार तासांच्या आत!’ माझ्या दिरांना मिळालेली किडनी मात्र रात्री काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बसवली. मग हृदयाचीच एवढी घाई का? आणि बर्फात ठेवलेला स्नायू पुन्हा धडधडतो तरी कसा? – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : तुमच्या दिरांच्या किडनीपासूनच सुरुवात करू. नवी किडनी पहिले काही दिवस रुसून बसली तरी डॉक्टर फारसे घाबरत नाहीत. डायलिसिस चालू ठेवतात आणि वाट पाहतात. हृदयाला ही सवलत नाही. टाके पूर्ण झाले, हार्ट-लंग मशीन बंद केलं, की त्या मिनिटापासून चार-पाच लिटर रक्त दर मिनिटाला पुढे ढकलायचं असतं. तिथे ‘उद्या बघू’ चालत नाही.

दुसरं कारण म्हणजे हृदयाचं हातावर पोट आहे. जेमतेम ३०० ग्रॅमचा हा स्नायू दिवसाला साधारण एक लाख ठोके मारतो. काम चालू असताना त्याच्या प्रत्येक १०० ग्रॅमला मिनिटाला ८ ते १० मिलिलिटर प्राणवायू लागतो. त्याच्या पेशींचा जवळपास तिसरा हिस्सा तंतुकणिकांनी, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या कारखान्यांनीच व्यापलेला असतो. पण गाठीला शिल्लक विचाराल तर काही ठोक्यांपुरतीच.

रक्त थांबलं की काय होतं ते नीट पाहू, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर बेतलेले आहेत. प्राणवायू नाही म्हणून पेशी साखर अर्धवट जाळते आणि आत लॅक्टिक आम्ल साठतं. आम्ल बाहेर टाकण्याच्या बदल्यात ती सोडियम आत घेते. एरवी हे सोडियम उपसणारा पंप असतो, पण त्यालाही ऊर्जा लागते आणि ती तर संपत आलेली. मग सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम आत शिरतं. कॅल्शियम हा स्नायूला आकुंचन पावण्याचा हुकूम. आपल्याला वाटतं, आकुंचनाला बळ लागतं आणि सैल पडणं फुकट असतं. स्नायूच्या बाबतीत तसं नाही. सैल पडायलाही ऊर्जा मोजावी लागते. ती नसली की स्नायू आवळलेलाच राहतो. ह्यूस्टनचे शल्यविशारद डेंटन कूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये अशा दगडासारख्या घट्ट झालेल्या हृदयांचं वर्णन केलं होतं. ती हृदयं पुन्हा चालू झाली नाहीत.

तेव्हा राखण करायची ती या खर्चापासून. बर्फ त्यातला एक भाग आहे, आणि माझ्या मते पहिला मान त्याचा नाहीच. पहिला मान हृदय थांबवण्याला. शरीराच्या तापमानाला, धडधडणारं हृदय नुसतं थांबवलं तरी त्याची प्राणवायूची गरज सुमारे ९० टक्क्यांनी उतरते, मिनिटाला १०० ग्रॅममागे एक मिलिलिटरच्या आसपास येते. त्यावर थंडावा दिला की ती आणखी खाली जाते. तापमान १० अंशांनी उतरलं की पेशीचा खर्च ढोबळमानाने निम्मा होतो. निम्मा, शून्य नव्हे. चार अंशांवर ठेवलेलं हृदयसुद्धा हळूहळू खंगत असतं, सोडियमचा पंप जवळपास बंद असल्याने त्याच्या पेशी सुजत असतात. म्हणून चार तास. ही काही लक्ष्मणरेषा नाही, पाच-सहा तासांनी बसवलेली हृदयंही चालली आहेत. पण चार तासांनंतर धोका चढत जातो, आणि दाता वयस्क असेल तर जास्तच.

थांबवायचं कशाने? पोटॅशियमने. आपल्या रक्तात ते लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल असतं. ते १५-२० पर्यंत नेलं की पेशीच्या पडद्यावरचा विद्युतभार बदलतो, ठोक्याची ठिणगी देणारी सोडियमची दारं उघडेनाशी होतात आणि हृदय सैल अवस्थेत थांबतं. लंडनच्या डेनिस मेलरोज यांनी १९५५ मध्ये ही युक्ती काढली, पण त्यांच्या द्रावणात पोटॅशियमचं प्रमाण फार होतं. स्नायूला इजा होते असं दिसल्यावर पद्धत अडगळीत गेली. प्रमाण कमी करून तिला परत आणायला १९७० चं दशक उजाडलं. लंडनच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डेव्हिड हर्स आणि मार्क ब्रेमब्रिज यांनी बसवलेलं द्रावण १९७५ पासून रुग्णांवर वापरात आलं. जर्मनीत ब्रेटश्नायडर यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी सोडियम आणि कॅल्शियम अगदी कमी ठेवलं आणि आम्ल शोषून घ्यायला हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर घातलं. या सगळ्या द्रावणांना शस्त्रक्रियागृहात सरसकट ‘कार्डिओप्लेजिया’ म्हणतात. कुठलं सर्वांत चांगलं, यावर शल्यविशारदांत अजून एकमत नाही. बहुतेक जण ज्यावर शिकले त्यावरच विश्वास ठेवतात.

आता दात्याच्या टेबलाशी चला. दाता मेंदूमृत, हृदय अजून धडधडतंय. शल्यविशारद आधी ते डोळ्यांनी पाहतो, मग बोटांनी कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या, धमन्या चाचपतो, कुठे कडकपणा लागतो का. समाधान झालं की तिकडच्या रुग्णालयात फोन जातो, ‘हृदय चांगलं आहे, पेशंटला आत घ्या.’ रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलं जातं. वरून येणारी मोठी नीला बांधतात, खालची कापतात, फुप्फुसाकडून येणारी एक शीरही उघडतात. हे उघडणं फार महत्त्वाचं असतं, कारण आत रक्त तुंबून हृदय फुगलं तर स्नायू ताणून खराब होतो. मग महाधमनीवर चिमटा बसतो आणि कोणीतरी वेळ मोठ्याने सांगतं. चिमट्याच्या अलीकडे सुई लावलेली असते. तिच्यातून थंडगार द्रावण ठरावीक दाबाने कोरोनरी धमन्यांत उतरतं आणि बर्फाचा निर्जंतुक चुरा हृदयाभोवती ओततात. काही ठोक्यांत हालचाल थांबते. हात लावला तर हृदय मऊ लागायला हवं. ते टणक लागलं तर काहीतरी चुकलंय.

काढलेलं हृदय बर्फावर ठेवत नाहीत. थंड द्रावण भरलेल्या निर्जंतुक पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, बहुधा तिसरीतही, आणि मग बर्फाच्या पेटीत. बर्फ तासन्‌तास थेट लागून राहिला तर स्नायू गोठून मरतो. पिशव्या असूनही साध्या पेटीत काही तासांनी तापमान दोन अंशांच्या खाली घसरू शकतं, म्हणून आता चार ते आठ अंशांत राखणाऱ्या खास पेट्या निघाल्या आहेत.

टीव्हीवाल्यांशी माझं भांडण आहे ते इथे. त्यांचं घड्याळ रुग्णवाहिकेबरोबर सुरू होतं आणि तिच्याबरोबर थांबतं. खरं घड्याळ दात्याच्या महाधमनीवर चिमटा बसल्यावर चालू होतं आणि घेणाऱ्याच्या छातीतला चिमटा सुटेपर्यंत चालतं. विमानतळापासून रुग्णालयापर्यंत दहा-पंधरा मिनिटं वाचली, फारच छान. पण हृदय शिवायलाच साधारण तासभर जातो. तोवर ते बर्फातून बाहेर, दिव्यांखाली, उबदार छातीत, हळूहळू तापत असतं. म्हणून शिवता शिवताही त्यावर थंड सलाइन ओततात, आणि कित्येक शल्यविशारद महाधमनीचा सांधा आधी करून चिमटा सोडतात. उरलेले टाके हृदयात रक्त खेळू लागल्यावर घालतात.

रक्त परत आलं म्हणजे संकट टळलं, असंही नाही. कित्येकदा खरी इजा याच क्षणी होते. उपाशी पेशीत प्राणवायू एकदम घुसला की तंतुकणिकांतून विध्वंसक ऑक्सिजन-रेणू सुटतात. साठलेलं कॅल्शियम आणि अचानक मिळालेली ऊर्जा यांच्या जोरावर तंतू इतके आवळतात की फाटतात. कडक निर्जळी उपासानंतर माणसाला थेट पंगतीत बसवत नाहीत, आधी पातळ पेज देतात. इथलीही रीत तशीच. काही ठिकाणी आधी कोमट, पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं रक्तमिश्रित द्रावण सोडतात, दाब सुरुवातीला कमी ठेवतात. चिमटा सुटल्यावर हृदय कधी आपणहून ठोके धरतं, कधी नुसतं थरथरतं. तेव्हा आतल्या चमच्यांसारख्या पट्ट्यांनी हलकासा शॉक देतात. मग मशीनच्या आधाराने त्याला काही वेळ रिकामंच धडधडू देतात आणि हळूहळू भार त्याच्यावर टाकतात.

पुन्हा धडधडतं कसं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. ठोक्याची ठिणगी हृदयाच्या उजव्या अलिंदातच पडते. मेंदूकडून येणाऱ्या नसा फक्त वेग कमी-जास्त करतात. पोटॅशियम धुऊन गेलं, ऊब आली, की ती ठिणगी परत पडू लागते. नसा मात्र कापलेल्या असतात. त्यामुळे लगाम ओढणारं कोणी नसतं आणि नवं हृदय आरामातही मिनिटाला ९० ते ११० ठोक्यांनी चालतं. रुग्णाला आणि घरच्यांना हे आधी सांगून ठेवावं. नाडी धरून घाबरलेले नातेवाईक पुष्कळ आहेत.

प्रश्न : मुंबईत के.ई.एम.मध्ये १९६८ सालीच हृदय प्रत्यारोपण झालं होतं असं वडील सांगतात. मग मध्ये इतकी वर्षं काय झालं? – एक विद्यार्थी, परळ

उत्तर : वडील बरोबर सांगतात. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केप टाउनच्या ग्रूटे शूर रुग्णालयात पहिलं प्रत्यारोपण केलं ३ डिसेंबर १९६७ ला. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी के.ई.एम.मध्ये ते केलं. जगात ही शस्त्रक्रिया करणाऱ्या अगदी पहिल्या मोजक्या शल्यविशारदांत त्यांचं नाव येतं. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला, तोही फार टिकला नाही.

तेव्हाची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. आज वापरतो ती पोटॅशियमची द्रावणं नव्हती. मेलरोजची पद्धत टाकून दिलेली, सेंट थॉमसची यायची होती. हाताशी होता फक्त थंडावा. त्याची बैठक स्टॅनफर्डच्या नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी घातली होती. काढलेलं हृदय चार अंशांच्या सलाइनमध्ये बुडवून ते कुत्र्यांत बसवत. १९६० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही कुत्री तीन आठवड्यांपर्यंत जगली. दाता आणि घेणारा शेजारशेजारच्या खोल्यांत असत, त्यामुळे लांबून हृदय आणण्याचा प्रश्नच नव्हता. तो प्रघात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनफर्डमध्येच पडला.

पण खरी अडचण राखणीची नव्हती. शरीर परकं हृदय नाकारत होतं आणि ते आवरायला नेमकं औषध नव्हतं. १९६८ मध्ये जगभर शंभराच्या घरात प्रत्यारोपणं झाली, बहुतेक रुग्ण लवकर गेले आणि बहुतेकांनी हात आखडता घेतला. शमवे चिकाटीने करत राहिले. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं आणि चित्र पालटलं. आपल्याकडे मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यताच नव्हती. ती १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाली, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. मुंबईला मात्र आणखी बरीच वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आलेलं हृदय मुलुंडच्या एका रुग्णालयात बसवलं गेलं, सेनांच्या प्रयत्नानंतर ४७ वर्षांनी.

प्रश्न : परदेशात हृदय पेटीत धडधडत ठेवूनच नेतात असा व्हिडिओ पाहिला. ते खरं आहे का, आणि असेल तर आपण बर्फाला का चिकटून आहोत? – एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे. त्या पेटीत दात्याचंच रक्त उबदार ठेवून पंपाने हृदयात फिरवतात. हृदय रिकामं असतं, पण ठोके देतं. रक्तातलं लॅक्टेट तपासत राहिलं की स्नायूचं पोट भरतंय की नाही ते कळतं. या पेटीमुळे खरोखर नवीन असं घडलं ते सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयात, २०१४ मध्ये. मेंदूमृत नसलेल्या, पण हृदय बंद पडून मृत्यू झालेल्या दात्यांची हृदयं तिथे पेटीत पुन्हा चालू केली, पारखली आणि बसवली. बर्फात ठेवलेल्या हृदयाची अशी परीक्षा घेताच येत नाही.

नेहमीच्या, मेंदूमृत दात्याच्या चांगल्या हृदयासाठी मात्र बर्फ इतका वाईट नाही. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १३० रुग्णांची तुलना आली. तीस दिवसांनंतरचं जगण्याचं प्रमाण पेटीगटात ९४ टक्के, बर्फगटात ९७ टक्के. म्हणजे पेटी कमी पडली नाही, पण सरसही ठरली नाही.

मला जास्त कुतूहल आहे ते तिसऱ्या मार्गाचं. स्वीडनमधल्या लुंडच्या स्टिग स्टीन यांनी हृदय थांबलेलंच ठेवलं, पण बर्फात टाकण्याऐवजी आठ अंशांवर, पोषक आणि प्राणवायूयुक्त द्रावण कमी दाबाने त्यातून खेळवत. म्हणजे खर्च कमी केलेलाच, वर थोडी मिळकतही चालू. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या सुमारे २०० रुग्णांच्या युरोपीय चाचणीत नव्या हृदयाचं काम सुरुवातीलाच गंभीरपणे ढासळण्याचं प्रमाण बर्फगटात २८ टक्के होतं, इथे ११. मुख्य निकषावरचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीत थोडक्यात हुकला, तेव्हा ढोल वाजवायची वेळ अजून आलेली नाही. पण याच तंत्राने फ्रेंच वेस्ट इंडिजमधली हृदयं अटलांटिक ओलांडून पॅरिसला आली आणि बारा तासांनंतर बसवूनही चालली. बर्फाच्या पेटीला हे जमलं नसतं.

राहिला आपला प्रश्न. ही यंत्रं महाग, आणि त्यांचे एकदाच वापरायचे भागही महाग. नागपूरहून मुंबईला विमान दीड तासात येतं. महाराष्ट्रातल्या अंतरांना बर्फाची पेटी बहुतेक वेळा पुरते. हाती पैसा असेल तर तो आधी दुसरीकडे घालावा असं मला वाटतं, आणि ते दुसरीकडे म्हणजे कुठे, हे पुढच्या पत्रात आलंच आहे.

प्रश्न : माझा भाऊ अपघातात मेंदूमृत झाला. आम्ही सगळ्या अवयवांना संमती दिली. किडन्या, यकृत, डोळे घेतले. हृदय ‘चालणार नाही’ म्हणून नाकारलं. तो २९ वर्षांचा होता, व्यायाम करायचा. मग का? – एक भाऊ, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या भावाच्या हृदयात आधीपासून काही दोष असेलच असं नाही. दाब वाढून मेंदू मरत असताना शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तदाब भलताच चढतो, मग कोसळतो. या लोंढ्याने निरोगी, तरुण हृदयाचा स्नायूसुद्धा बधिर होतो आणि इकोवर तो दुबळा दिसतो. नाकारण्यामागे बहुधा तेच कारण असेल, तरी नक्की उत्तर त्याच्या कागदपत्रांतच मिळेल. प्रत्यारोपण समन्वयकांकडे ती मागून पाहा.

यातली दिलासा देणारी आणि चुटपुट लावणारी गोष्ट एकच आहे. हा बधिरपणा पुष्कळदा उतरतो. रक्तदाब सावरला, पाण्याचं प्रमाण जुळवलं, अ‍ॅड्रेनलिन वर्गातली औषधं कमी करून व्हॅसोप्रेसिनचा आधार दिला आणि १२ ते २४ तासांनी इको परत केला, तर आधी नापास झालेलं हृदय पास होऊ शकतं. त्यासाठी अतिदक्षता विभागात दात्याकडे तितक्याच बारकाईने बघणारी माणसं लागतात. हृदयाच्या स्नायूची राखण तिथून सुरू होते, दात्याच्या खाटेपासून. पैसा इथे घालावा असं मघाशी म्हणालो ते याचसाठी. कोणत्या औषधाने किती फरक पडतो हेही तपासून घ्यावं लागतं. थायरॉइडचं संप्रेरक दात्यांना वर्षानुवर्षं दिलं जात होतं. अमेरिकेत आठशेहून अधिक दात्यांवर चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल आला, आणि त्यातून जास्त हृदयं हाती लागली नाहीत.

अर्थात प्रत्येक हृदय सावरत नाही, आणि घरच्यांना ताटकळत ठेवण्यालाही मर्यादा असते. तुमच्या वेळी डॉक्टरांनी काय तोललं ते इथे बसून मी सांगू शकत नाही. संमतीपत्र भरणाऱ्या इतर वाचकांसाठी एक माहिती देतो. स्नायू दुबळा निघाला तरी त्या हृदयाच्या झडपा चांगल्या असू शकतात. त्यांना ठोके द्यायचे नसतात, त्यामुळे चार तासांचं बंधनही नसतं. द्रव नायट्रोजनच्या थंडीत त्या काही वर्षं टिकतात आणि जन्मजात हृदयदोष असलेल्या लहान मुलांना बसवता येतात. फॉर्मवर त्यांची वेगळी नोंद आहे का, ते विचारून घ्यावं.